उतरवून घेतलेली प्रेमकविता : एकोणिसाव्या शतकातील इंग्रज तरुणींच्या वह्या

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील सुशिक्षित तरुणी आवडत्या कविता स्वहस्ते वहीत उतरवून घेत. यामागे हौस होती तशी अडचणही होती. नवे काव्य महाग असे. स्कॉटच्या 'मार्मिअन'ची (१८०८) किंमत साडेएकतीस शिलिंग होती. साहजिकच उसन्या पुस्तकातून वा नियतकालिकातून बायरन, मूर यांची प्रेमगीते वहीत येत. भोवती जलरंगातील फुले चितारली जात.

जेन ऑस्टिनच्या 'एमा' (१८१५) कादंबरीतील हॅरिएटची वही वस्तुतः कोड्यांची आहे. तीत एमा एल्टनचे प्रियाराधनपर कोडे लिहिते. मात्र शेवटच्या दोन ओळी गाळते. व्यक्तिगत रोख नेमका त्या ओळींत होता. त्या वगळताच एका स्त्रीला उद्देशून केलेली याचना कोणत्याही संग्रहात शोभावी असे पद्य ठरते! (ती स्त्री आपणच, हे एमाच्या ध्यानी येत नाही, हा भाग वेगळा.) म्हणूनच या वह्यांना 'केवळ नक्कल' म्हणून बाजूस सारणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. काय उतरवले याइतकेच काय गाळले हेही तेथे वाचावे लागते.

पुढे अशा वह्यांसाठी कवींकडेच पद्यांची मागणी होऊ लागली. चार्ल्स लॅमने १८३० मध्ये 'अल्बम व्हर्सेस' हा संग्रहच प्रसिद्ध केला.