नवें घर, छपरावरील पाऊस आणि विहिरीचें गोडें पाणी

‘घर पाहावें बांधून’ या म्हणींत आपल्या वाडवडिलांनीं पैशाची, दगदगीची आणि मनस्तापाची सगळी बेरीज मांडून ठेविली आहे. परंतु त्यांच्या काळीं जी एक बाब हिशेबांत धरावी लागत नव्हती, ती आज धरावी लागते. घर पुरें झाल्यावर त्यांत दरमहा किती वीज जाणार आणि दररोज किती पाणी लागणार, ही ती बाब होय. सातपाटी, शिरगांव, माहीम, केळवें या किनारपट्टींत जुनीं कौलारू घरें जाऊन त्यांच्या जागीं स्लॅबचीं घरें उभीं राहत आहेत. बांधणाऱ्यांपैकीं पुष्कळांस वीज व पाणी यांविषयींचे नियम म्हणजे नकाशा मंजूर होईपर्यंतचें एक लचांड वाटतें. आमचें मत याहून निराळें आहे. किनाऱ्यावर हे नियम मोडल्याचा दंड कचेरीच्या आधीं विहिरींत भरावा लागतो. आणि तो एकट्या घरमालकास नव्हे, तर शेजारच्या वाडीवाल्यासही भरावा लागतो. तें कसें, आणि त्यावर उपाय काय, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

किनाऱ्यावरील विहीर.— समुद्रकांठच्या वाळूंत पावसाचें जें पाणी मुरतें, तें खालच्या खाऱ्या पाण्यांत एकदम मिसळून जात नाहीं. गोडें पाणी हलकें व खारें पाणी जड. म्हणून दुधावर साय धरावी तसें गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गायबेन या डच इंजिनियरानें, आणि १९०१ सालीं हर्झबर्ग या जर्मन संशोधकानें, याचें गणित स्वतंत्रपणें मांडिलें. जमिनीखालील गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीहून एक फूट उंच असेल, तर समुद्रपातळीच्या खालीं सुमारें चाळीस फुटांपर्यंत गोडें पाणी सांपडतें. हेंच गणित उलट वाचिलें म्हणजे धोका ध्यानीं येतो. उपसा वाढून वरची पातळी एक फूट कायमची खालावली, तर खालचें खारें पाणी कालांतरानें चाळीस फूट वर चढतें. रहाटानें होणाऱ्या उपशास ही साय सहसा पुरून उरे. विजेचा पंप आणि खोल बोअर यांपुढें ती टिकत नाहीं. एका घराच्या बोअरनें वर ओढलेला खार कुंपण ओळखत नाहीं. पानवेल व केळ यांस तो सोसत नाहीं. माड कांहीं काळ तग धरतो, इतकेंच. एकदां मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास अनेक पावसाळे लागतात.

नियम काय मागतात.— महाराष्ट्र शासनाची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्यें, मुंबईसारखीं कांहीं क्षेत्रें वगळून, राज्यांत लागू झाली. तिच्यांत ५०० चौरस मीटर वा अधिक क्षेत्राच्या भूखंडावरील नव्या बांधकामास पावसाचें पाणी साठविण्याची किंवा मुरविण्याची व्यवस्था सक्तीची केली आहे. ५०० चौरस मीटर म्हणजे आपल्या हिशेबानें सुमारें पांच गुंठे. विजेच्या बाजूस केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनें डिसेंबर २०१८ मध्यें राहत्या घरांसाठीं ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तिचीही मर्यादा ५०० चौरस मीटर भूखंडाचीच आहे. राज्यानें व स्थानिक संस्थेनें आपल्या नियमांत घेतल्यावर ही संहिता बंधनकारक होते. तसें नसेल तेथेंही ती चांगली मोजपट्टी आहे. भरतीरेषेजवळील जागेस याखेरीज २०१९ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना लागते. म्हणून पाया खणण्यापूर्वीं आपली जागा कोणत्या पट्ट्यांत येते, हें ग्रामपंचायतींत व नगररचना कचेरींत विचारून घ्यावें.

सातपाटीच्या दाट वस्तींत पांच गुंठ्यांवरील घर विरळा. तेथें सक्ती पोंचत नाहीं. परंतु खाऱ्या पाण्याचें गणित दोन गुंठ्यांच्या घरासही तेंच लागू आहे.

छपराचें पीक.— आमच्या वाचकांस शेताचें उत्पन्न मोजण्याची संवय आहे; तसेंच छपराचें मोजून पाहावें. पालघर तालुक्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सामान्यतः २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आपण २,००० च धरूं. छप्पर १०० चौरस मीटर धरूं, आणि उडून, सांडून जाणारा पांचवा हिस्सा सोडून देऊं. तरीही १,६०,००० लिटर पाणी हातीं येतें. आतां गरज पाहूं. पांच माणसांच्या घरांत पिण्यास व स्वयंपाकास माणशीं दहा लिटर धरिले, तर दिवसास ५० लिटर, आणि पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांस १२,००० लिटर होतात. एवढें पाणी मावण्यास तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व दोन मीटर उंच अशी टांकी पुरे. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत तेवढी जागा नकाशांतच राखून ठेविली, तर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहण्याचें कारण उरत नाहीं.

टांकीविषयीं तीन सूचना आहेत. पहिली, समुद्राजवळ टांकी जमिनीखालीं गाडूं नये. उधाणाच्या वेळीं खारें पाणी तिच्यांत झिरपतें, आणि रिकामी टांकी खालच्या पाण्याच्या दाबानें उचलली जाऊन तडकते. ती जोत्यावरच बांधावी. दुसरी, पहिल्या सरीचें पाणी टांकींत घेऊं नये. १०० चौरस मीटर छपराचे पहिले सुमारें २०० लिटर वेगळ्या नळीनें बाहेर सोडावे. पुढील पाणी वाळू, खडी व कोळसा यांच्या गाळणींतून घ्यावें, आणि पिण्यापूर्वीं उकळावें. तिसरी सूचना आमच्या मच्छिमार बंधूंसाठीं आहे. ज्या छपरावर बोंबील वाळविले, तें पावसाळ्यापूर्वीं चांगलें धुऊन घेतल्याखेरीज त्याचें पाणी पिण्यास घेऊं नये. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यावरील पाणी तर पिण्यास मुळींच वापरूं नये.

टांकी भरल्यावर उरणारें सुमारें दीड लाख लिटर पाणी गटारांत सोडणें म्हणजे पीक कापून रस्त्यावर टाकण्यासारखें आहे. तें गाळून जुन्या उघड्या विहिरींत किंवा शोषखड्ड्यांत उतरवावें. यानेंच ती साय जाड होते आणि खार खालीं दाबला जातो. मात्र शौचकूपाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे सुमारें ६० फूट, दूर असावा. नाहींतर एका हातानें शुद्ध केलेलें दुसऱ्या हातानें नासविल्यासारखें होईल.

हें कांहीं नवलाचें नाहीं. अटलांटिक महासागरांतील बर्म्युडा बेटांत एकही नदी नाहीं. तेथें घराचें छप्पर चुन्यानें पांढरें ठेवून त्याचें पाणी घराखालच्या टांकींत उतरविण्याचा परिपाठ तीन शतकांहून जुना आहे, आणि आज तसा कायदाही आहे. आपल्याकडे पाऊस त्यांच्याहून अधिक पडतो. फक्त तो चार महिन्यांत येऊन जातो.

वापरलेलें पाणी.— न्हाणीचें पाणी माडाच्या आळ्यांत सोडण्याची रीत किनाऱ्यावर जुनीच आहे; नव्या घरांत ती एका नळानें मोडली जाते, कारण गवंडी न्हाणी व शौचकूप यांचें पाणी एकाच नळांत जोडतो. हे नळ पहिल्यापासून वेगळे ठेवावे. माणशीं २५ लिटर न्हाणीचें पाणी धरिलें, तर पांच माणसांचें १२५ लिटर होतें, आणि उन्हाळ्यांत तीन माडांस तेवढें पुरतें. साबणाचें पाणी आधीं वाळू व कर्दळीच्या वाफ्यांतून न्यावें. शौचकूपास जुन्या दहा लिटरांच्या टांकीऐवजीं तीन व सहा लिटरांची दोन बटणांची टांकी बसवावी.

छप्पर व खिडकी.— आतां विजेकडे वळूं. किनाऱ्यावरील हवा उष्ण व दमट. येथें घाम वाळविणारा वारा हाच खरा गारवा. म्हणून इको-निवास संहितेनें उष्ण-दमट प्रदेशांत उघडणाऱ्या खिडक्या-दारांचें क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या निदान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, सांगितलें आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीस या मानानें २० चौरस फूट उघडी वाट हवी. सरकत्या कांचेची खिडकी एका वेळीं अर्धीच उघडते, हें मोजतांना विसरूं नये. वारा येण्यास वाट हवी तशी जाण्यासही हवी. एकाच भिंतीस दोन मोठ्या खिडक्या ठेवण्यापेक्षां समोरासमोर एकेक ठेवणें बरें. सातपाटीस दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो, आणि तापदायक ऊनही तिकडूनच. जुन्या घरांनीं पश्चिमेस पडवी उतरवून वारा आंत घेतला व ऊन बाहेर ठेविलें. नव्या घरांत पडवी नसेल, तर रुंद छज्जा तरी असावा.

छपरांतून शिरणाऱ्या उष्णतेसही संहितेनें मर्यादा घातली आहे. आंत-बाहेर एका अंशाचा फरक असतां दर चौरस मीटरास १.२ वॉटहून अधिक उष्णता आंत येऊं नये. उघडी स्लॅब याच्या सुमारें तिप्पट उष्णता आंत सोडते. स्लॅबवर मंगलोरी कौलांचें किंवा पत्र्याचें दुसरें छप्पर, मध्यें हवेस वाट ठेवून, घातलें तर ऊन व पाऊस दोन्ही अडतात. तें परवडत नसेल, तर उन्हाळ्यापूर्वीं स्लॅबवर चुना पसरावा. खर्च थोडा, गुण मोठा.

पंखा व सूर्य.— साधा छताचा पंखा ७५ वॉट वीज घेतो, नवीन बी.एल.डी.सी. जातीचा सुमारें ३० वॉट. तीन पंखे रोज बारा तास फिरले, तर महिन्यास सुमारें ४८ युनिटें वांचतात. प्रथम गरज कमी करावी, मग वीज पैदा करण्याचा विचार करावा. एक किलोवॉटच्या सौर पट्ट्यांस सुमारें दहा चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते, व वर्षाच्या सरासरीनें दिवसास सुमारें चार युनिटें मिळतात. पावसाळ्यांत कमी, हें धरून चालावें. २०२४ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० रुपये, असें एकूण कमाल ७८,००० रुपये साहाय्य ठरविण्यांत आलें. अर्ज करण्यापूर्वीं चालू दर महावितरणाच्या कचेरींत पाहून घ्यावे. खाऱ्या वाऱ्यांत लोखंडी सांगाडा लवकर गंजतो. तो जस्तलेपित असावा, बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे असावे, आणि त्यांचे पाय स्लॅब ओततांनाच तुळयांवर बांधून घ्यावे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें कोंकणांतील कितीएक छपरें उडविलीं, हें सर्वांच्या स्मरणांत आहेच.

सारांश.— वरील सर्व गोष्टींत एक समान आहे. पन्हळीचा उतार, टांकीची जागा, वेगळे नळ, समोरासमोरच्या खिडक्या, सौर सांगाड्याचे पाय हें सारें पाया खणण्यापूर्वीं कागदावर मांडिलें, तर थोडक्यांत होतें. घर पुरें झाल्यावर करूं म्हटलें तर भिंती फोडाव्या लागतात, आणि बहुधा तें होतच नाहीं. म्हणून जे बंधू येत्या दिवाळीनंतर काम काढणार असतील, त्यांस आमची विनंती आहे कीं, मिस्त्रीस विसार देण्यापूर्वीं आपल्या छपराचें पाणी व आपल्या कुटुंबाची गरज एका कागदावर मांडून पाहावी, आणि घराजवळच्या विहिरीचें पाणी मे महिन्यांत एकदां चाखून ठेवावें. पुढील मे महिन्यांत तें तसेंच लागलें, तर घर बरोबर बांधिलें असें समजावें.