जुना मिरजेचा तानपुरा : खरेदीपूर्वीची पारख व बांधणीची तपासणी

प्रस्तावना
महाविद्यालयाच्या संगीत विभागासाठी तानपुरा घेताना निधीच्या मर्यादेमुळे पुष्कळदा जुन्या वाद्याचा विचार होतो. वाशीमसारख्या जिल्ह्यात असे वाद्य एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या घरातून मिळते आणि ते ‘मिरजेचे’ असल्याचे सांगितले जाते. मिरज येथून दूर असल्याने कारागिराकडून तपासणी करून घेणे सहसा जमत नाही. अशा वेळी खरेदीची जबाबदारी असलेल्या प्राध्यापकाने स्वतः काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नावाची पारख
मिरजेतील तंतुवाद्य-निर्मितीची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची असून तिचा आरंभ शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांच्यापासून मानला जातो. शस्त्रांना धार लावणारे हे कारागीर वाद्यांकडे वळले आणि पुढे ‘सतारमेकर’ हेच त्यांचे आडनाव झाले. एकच आडनाव अनेक कुटुंबांचे असल्याने वाद्यावरील नावाच्या पट्टीवरून ते कोणत्या कारखान्यातील, हे ठरत नाही. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०२४ मध्ये. त्यापूर्वीच्या वाद्यावर मानांकनाचे चिन्ह नसणे स्वाभाविक होय. उलट तीस वर्षांचे म्हणून दाखविलेल्या वाद्यावर ते आढळल्यास शंका घ्यावी.

बांधणीची तपासणी
नावापेक्षा बांधणी अधिक विश्वसनीय साक्ष देते. मिरजेच्या वाद्यांसाठी भोपळे प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातून येतात. शेतात वाढलेल्या भोपळ्याची गोलाई कधीही तंतोतंत सममित नसते. ती तशी भासल्यास भोपळा नैसर्गिक आहे काय, हे विचारावे. बोटाने हलकेच टिचकी मारीत सर्व बाजूंनी आवाज ऐकावा. एखाद्या ठिकाणी तो फुटका आल्यास तेथे रोगणाखाली तडा बुजविलेला असण्याचा संभव असतो. लाकडावरील बारीक छिद्रे व त्यांतून गळणारा भुसा ही कीड लागल्याची खूण होय.

दांडी हा सर्वांत महत्त्वाचा भाग. खुंट्यांच्या टोकाकडून एक डोळा मिटून भोपळ्याच्या दिशेने पाहिले असता दांडीचा पीळ किंवा बाक लक्षात येतो. विदर्भातील कोरडा उन्हाळा व त्यामागून येणारा दमट पावसाळा लाकडाला मानवत नाही, म्हणून येथे वर्षानुवर्षे कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या वाद्याची ही तपासणी कधीही टाळू नये. घोडीखालची तबली किंचित फुगीर हवी; खचलेली नको. तारा नेहमीच्या स्वरात चढवून वाद्य एक रात्र ठेवावे आणि सकाळी दांडी व भोपळा यांच्या सांध्यावर केसाएवढी फट दिसते काय, ते पाहावे. विक्रेता यास राजी नसेल, तर त्यातूनही बरेच कळते. पीळ पडलेली दांडी व खचलेली तबली यांची दुरुस्ती खर्चिक असून तिचे यश अनिश्चित असते.

याउलट तुटलेल्या तारा, हरवलेले मणी, सरकणाऱ्या खुंट्या यांचा बाऊ करू नये. जवारीही याच वर्गात मोडते. तारांच्या घर्षणाने घोडीच्या पृष्ठभागावर चरे पडतात व नाद कोरडा होतो. जाणकार कारागीर पृष्ठभाग घासून जवारी पुन्हा खुलवू शकतो. जीवाचा दोरा सावकाश सरकवून पाहावा. एखाद्या जागी जरी नाद खुलला आणि खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार ऐकू आला, तरी वाद्याचा देह शाबूत असल्याचा तो चांगला पुरावा होय. पण हाच गांधार विद्यार्थ्यांच्या कानावर रोज पडावयाचा असल्याने जवारीचा खर्च किमतीत आरंभीच धरावा.

हस्तिदंताचा प्रश्न
जुन्या तानपुऱ्यांची घोडी व नक्षी कधी कधी हस्तिदंताची असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताचा व्यापार प्रतिबंधित आहे. असे वाद्य कितीही उत्तम असले तरी महाविद्यालयाने ते विकत घेऊ नये. भिंगातून पाहता हाडावर बारीक काळपट ठिपके दिसतात, तर हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी आढळते. हा फरक ओळखण्यासाठी प्राणिशास्त्र विभागातील सहकाऱ्यांना सोबत न्यावे.