१९४२चा फोटो, आजची जागा: दोन काळ एका चौकटीत कसे बसतात?

आजचा रस्ता, कडेला उभ्या गाड्या आणि त्यांच्यामधून चालत येणारे दुसऱ्या महायुद्धातील कृष्णधवल सैनिक. असे फोटो मोबाइलवर अनेकांनी पाहिले असतील. जुना फोटो जिथे काढला गेला, तिथेच आज उभे राहून नवा फोटो काढायचा आणि दोन्ही एकमेकांत मिसळायचे, असे हे काम आहे. ते कसे होते, त्यावर विश्वास कधी ठेवायचा आणि अमळनेर परिसरात ते करायचे तर कुठे बघायचे, ते समजून घेऊ.

सुरुवात कोणी केली?

जुन्या फोटोची जागा शोधून पुन्हा फोटो काढण्याची पद्धत तशी जुनी आहे. अमेरिकेत मार्क क्लेट आणि सहकाऱ्यांनी १९७७ पासून एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षणाच्या फोटोंवर असे काम केले. युद्धाचे फोटो आजच्या फोटोंत मिसळून जगभर पोहोचवले ते रशियाच्या सर्गेई लारेन्कोव यांनी. लेनिनग्राडच्या वेढ्यातील दृश्ये त्यांनी आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांवर बसवली. नेदरलँड्समध्ये यो तेउविसे यांना ॲमस्टरडॅमच्या जुन्या बाजारात सुमारे ३०० निगेटिव्ह मिळाल्या. त्यांतूनच त्यांचे असे काम सुरू झाले.

नेमकी जागा कशी सापडते?

संगणकावर फोटो मिसळणे हे सोपे काम. अवघड असते ते मूळ छायाचित्रकार उभा होता ती जागा शोधणे. त्यासाठी जुन्या फोटोतील न बदललेल्या गोष्टी धरतात: मंदिराचा कळस, दगडी इमारतीचा कोपरा, पुलाचा खांब.

यातील एक वस्तू जवळची आणि एक लांबची निवडायची. समजा, जुन्या फोटोत खांब मागच्या इमारतीच्या बरोबर कोपऱ्यावर दिसतो. तुमच्या मोबाइलवर तोच खांब कोपऱ्याच्या डावीकडे दिसत असेल, तर तुम्ही जास्त उजवीकडे उभे आहात. डावीकडे सरका. पुढे-मागे होण्याची चूक मात्र झूमने सुधारत नाही. झूम केल्यावर जवळचे आणि लांबचे सारख्याच प्रमाणात मोठे होते. जवळची वस्तू लांबच्या तुलनेत किती मोठी दिसते, हे पाय हलवल्याशिवाय बदलत नाही.

जागा जुळली की ॲपमध्ये दोन्ही फोटो एकावर एक ठेवतात. वरचा थोडा पारदर्शक करून कडा जुळवतात आणि नको तो भाग पुसतात.

घड्याळावर विश्वास ठेवावा का?

सावल्या जुळल्या नाहीत तर फोटो खोटा वाटतो. म्हणून मूळ फोटोची वेळही शोधावी लागते. इथे युद्धकाळाची एक खास अडचण आहे. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती. त्या काळातील एखाद्या फोटोत स्टेशनच्या घड्याळात चार वाजलेले दिसले, तर तशी सावली आज तीनच्या सुमारास मिळेल, तीही वर्षाच्या त्याच दिवसांत.

निगेटिव्ह उलटी छापली गेलेलीही असू शकते. दुकानाच्या पाटीवरची अक्षरे वाचून पाहिली की ते लगेच कळते.

खान्देशात काय शोधता येईल?

युद्ध चालू असतानाच इथे 'चले जाव'चा लढा पेटला होता. ऑगस्ट १९४२ मध्ये अमळनेरात लीलाताई पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा निघाला आणि सरकारी इमारतींना आगी लावण्यात आल्या. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार बालसाथी गोळीबारात हुतात्मा झाले.

अमळनेरला प्रताप मिल, १९१६ चे तत्त्वज्ञान मंदिर, साने गुरुजींनी शिकवले ते प्रताप हायस्कूल आणि ताप्ती खोऱ्यातील रेल्वेमार्गावरचे स्टेशन, अशा जुळवणीला उपयोगी खुणा आहेत. युद्ध संपले त्या १९४५ मध्येच प्रताप कॉलेज सुरू झाले आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला पुढे 'विप्रो' झालेल्या वनस्पती तुपाच्या कंपनीची स्थापना झाली. घरोघरचे लग्नाचे, शाळेचे आणि गिरणीतील निरोप समारंभाचे ग्रुप फोटो म्हणूनच महत्त्वाचे. माणसांच्या मागे गावही टिपले गेलेले असते.

फोटोच नसेल तर?

१४ एप्रिल १९४४ या तारखेच्या दोन घटना पाहा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावरील सुमारे १४०० टन स्फोटकांचा स्फोट झाला. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्या धुराच्या लोटांचे फोटो आजही पाहायला मिळतात. गोदीत मात्र पुढे भराव टाकला गेला. म्हणजे जुन्या फोटोत पाणी आहे, तिथे आज जमीन आहे.

त्याच दिवशी धुळे जिल्ह्यातील चिमठाण्याजवळ डॉ. उत्तमराव पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या साथीदारांनी सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. भूमिगतांसाठी फोटो म्हणजे पोलिसांच्या हाती दिलेला पुरावाच. असा प्रसंग कोणी कॅमेऱ्यासमोर करत नाही.

अशी रिकामी जागा आज एआय काही सेकंदांत भरून देते. धुरकट, पिवळसर 'जुना फोटो' तयार होतो आणि व्हॉट्सॲपवर खरा म्हणून फिरतो. दोन खऱ्या फोटोंच्या जुळवणीत प्रत्येक भाग कधीतरी कॅमेऱ्यासमोर होता. एआयच्या चित्रात तसे नसते. म्हणून मूळ फोटो नसेल तिथे आजच्या जागेचा साधा फोटो आणि घटनेची चार ओळींची नोंद द्यावी. शिरीषकुमारसारख्या हुतात्म्यांच्या बाबतीत तर हे पथ्य पाळलेच पाहिजे.

हे लक्षात ठेवा

• अल्बममधील फोटो ओढून काढू नका. चिकटलेला असेल तर पानासकट स्कॅन करा.
• फोटोची मागची बाजूही टिपा. स्टुडिओचा शिक्का, तारीख आणि नावे तिथेच सापडतात.
• जुना, नवा आणि मिसळलेला असे तिन्ही फोटो वेगवेगळे जपून ठेवा.
• मिसळलेल्या फोटोवर दोन्ही तारखा, जागा आणि मूळ फोटो कोणाकडचा ते लिहा.
• शेअर करण्याआधी त्या कुटुंबाची परवानगी घ्या.
• घरातील ज्येष्ठांना फोटो दाखवून नावे आणि ठिकाणे आजच विचारून घ्या. १९४२ मध्ये दहा वर्षांचे असलेले आज नव्वदी ओलांडून गेले आहेत.