काचमाशाच्या पाठीवरचा निळा ठिपका

संपादकांनी दिलेला विषय साधा होता: मीरा-भाईंदरमध्ये फिशटँकची दुकानं वाढली आहेत, त्यांच्यावर लिहा. एका पिढीला रंगीत मासे पाहायचे तर चर्नी रोडला उतरून तारापोरवाला मत्स्यालय गाठावं लागे. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेलं ते मत्स्यालय म्हणजे मुंबईकरांची शाळेची सहल. आता मीरा रोडच्या पूर्वेला मोबाइलच्या आणि केकच्या दुकानांमध्ये एखादा गाळा निळ्या ट्यूबलाइटने उजळलेला दिसतो आणि शाळेतून परतणारी मुलं काचेला नाक लावून उभी असतात. माल बहुतेक कुर्ल्याच्या घाऊक बाजारातून येतो. तिथे तो कोलकात्याहून येतो, चेन्नईच्या कोळत्तूरमधून येतो, काही विमानाने थायलंड-सिंगापूरहून. दुकानांचा इतिहास एवढाच. मी अडकले ते एका टाकीपाशी.

त्या टाकीत पाच रंगांचे मासे होते: गुलाबी, जांभळे, पोपटी, निळे, पिवळे. आकार सगळ्यांचा एकच. चपटं, उभट अंग, मागे झालरीसारखा पर. दुकानात त्यांना ‘कलर विडो’ म्हणतात. मूळ मासा दक्षिण अमेरिकेतला, करड्या अंगावर काळे पट्टे असलेला विडो टेट्रा. त्याची फिकट पांढरी जात निवडीने तयार केलेली आहे. पांढरा मासा म्हणजे रंगवणाऱ्याच्या हाती आलेला कोरा कागद.

ही ओळख मला करून दिली दुकानात काम करणाऱ्या एका दादांनी. उत्तनच्या कोळीवाड्यातले. वडील बोटीवर जायचे, आई बोंबील सुकवायची. मासळी ताजी की शिळी हे कल्ला उघडून सांगणाऱ्या घरातला हा माणूस आता जिवंत मासा रंगवलेला आहे की नाही हे सांगतो. माल आला की पिशव्या आधी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतलं-बाहेरचं तापमान जुळू द्यायचं, मग मासे जाळीने उचलून आत सोडायचे. ते पिशव्या तरंगत असतानाच्या वेळात मोबाइलचा टॉर्च लावून मासे बघत बसतात.

“ताई, टाकीचा लाइट आधी बंद करायचा,” ते म्हणाले. “दुकानातला लाइट सगळ्यांनाच गोरं करतो.”

लाइट बंद केला. शेजारच्या टाकीत निऑन टेट्रा होते. अंगभर धावणारी निळी रेघ हीच त्यांची ओळख. टॉर्च समोरून मारला तर रेघ पेटल्यासारखी निळी. हात वर नेला, कोन बदलला, तशी ती हिरवट झाली, एका ठिकाणी जवळजवळ विझली. मग तोच टॉर्च निळ्या विडोवर. समोरून निळा, वरून निळा, तिरपा धरला तरी तोच निळा.

“हा निळा हलत नाही. माशाचा स्वतःचा निळा हलतो.”

या एका वाक्यामागचं शास्त्र पक्कं आहे. माशाच्या कातडीत रंगपेशी असतात. काळ्या पेशींत मेलॅनिन असतं, लाल-पिवळ्या पेशींत कॅरोटिनॉइडसारखी द्रव्यं. ही कॅरोटिनॉइड मासा स्वतः बनवू शकत नाही, ती त्याला खाण्यातून घ्यावी लागतात. निळ्याचं मात्र वेगळं आहे. माशांतला निळा जवळजवळ नेहमी द्रव्याचा नसतोच. कातडीतल्या काही पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक थरावर थर रचलेले असतात. प्रकाश त्यांच्यावरून परततो तेव्हा निळा तेवढा उठून दिसतो. म्हणून पाहणाऱ्याची जागा बदलली की छटा बदलते. खरं निळं द्रव्य अंगात असलेले मासे फार दुर्मीळ. समुद्रातला मँडरिन मासा आणि त्याचा एक जवळचा भाऊबंद, एवढीच ठळक उदाहरणं सांगता येतात. तेव्हा गोड्या पाण्यातला एखादा स्वस्त, मूळचा पांढरा मासा कोणत्याही कोनातून सपाट निळा दिसला, तर थांबून विचारायलाच हवं.

दादांची दुसरी खूण जागेची. निसर्गाचा रंग माशाच्या बांध्याला धरून बसतो: खवल्यांच्या ओळी, परांचे काटे, डोळ्याची कडा, आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा. सुईने टोचून घातलेला रंग बांध्याशी काही नातं ठेवत नाही. तो पाठीवर एका डागात साचतो, कडा फुटलेल्या शाईसारख्या पसरतात, डावीकडचा डाग उजवीकडच्याशी जुळत नाही. अंगभर रंग असेल आणि तो शेपटीच्या पारदर्शक पडद्यातही सारखाच चढलेला असेल, तर तो बुडवून दिलेला असण्याचा संशय घ्यावा.

बुडवण्याची रीत सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. आधी माशाला दाहक द्रावणात धरतात, म्हणजे अंगावरचा चिकट थर निघून जातो. मग रंगात. मग पुन्हा अंगाला झोंबेल अशा पाण्यात, म्हणजे चिकट थर घाईघाईने परत येतो आणि रंग आत अडकतो. तो थर काय करतो हे कळलं की या रीतीचा अर्थ लागतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, त्यामुळे पाणी सतत आत शिरायला बघतं. कातडी आणि तिच्यावरचा थर ही गळती आवरतात, आणि जिवाणूंना बाहेर ठेवणारी पहिली भिंतही तीच. ती सोलून काढलेला मासा विमानाच्या प्रवासाला निघतो.

आणि सुई. सुईचा सगळ्यात प्रसिद्ध बळी आपल्याच पाण्यातला आहे. काचमासा, शास्त्रीय नाव पॅराम्बॅसिस रंगा. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. भारत, बांगलादेश, म्यानमारच्या संथ पाण्यात तो असतो. बोटभर लांबीचा, आणि इतका पारदर्शक, की पाठीचा कणा, बरगड्या, हवेची पिशवी सगळं बाहेरून मोजता येतं. वयात आलेल्या नराच्या परांना एक बारीक निळसर कड असते, बस. इतका नेटका मासा आहे हा. दुकानात मिळतो तो मात्र पाठीवर आणि पोटाच्या मागच्या बाजूला हिरव्या-गुलाबी-निळ्या ठिपक्यांचा. बोटाएवढ्या जिवाच्या अंगात सुई जाते म्हणजे काय, हे त्याच्या बरगड्या स्वतः मोजल्याशिवाय कळत नाही. मी मोजल्या. ठिपका दोन बरगड्यांच्या वर, मांसात होता.

१९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये स्टॅन मॅकमोहन आणि पीटर बर्जेस यांनी दुकानांतले काचमासे तपासले. रंगवलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक माशांना लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणुरोग होता, न रंगवलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास. या रोगात कातडीच्या पेशी फुगून पांढऱ्या गाठी येतात. एकच सुई माशामागून माशाला टोचली जाते, मग रोगही तिच्याबरोबर जातो. तिथल्या ‘प्रॅक्टिकल फिशकीपिंग’ मासिकाने रंगवलेल्या माशांविरुद्ध मोहीम चालवली आणि अनेक दुकानांनी ते ठेवणं बंद केलं. माशाला दुखतं का, असं अजूनही विचारलं जातं. २००३ साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंची नोंद केली, आणि ओठात ॲसिड टोचलेले मासे खाणं सोडून तोंड तळाच्या खड्यांवर घासत असल्याचं दाखवलं. मला एवढं पुरेसं आहे.

दादांच्या यादीत आणखी प्रकार होते. तैवानमध्ये संकरातून तयार झालेला पॅरट, ज्याचं तोंड धड मिटत नाही. त्यालाही रंग टोचतात, अंगावर लेसरने नक्षी काढतात, शेपटी कापून बदामाचा आकार देतात. आफ्रिकन सिक्लिडची अगदी लहान पिल्लं सगळीच्या सगळी भडक दिसली, माद्यासुद्धा, तर खाण्यातून संप्रेरकं दिलेली असू शकतात. ती थांबली की रंग उतरतो. स्पिरुलिना किंवा कॅरोटिनॉइड घातलेलं खाणं मात्र यात धरायचं नाही, असं ते बजावून म्हणाले. त्याने माशाचा स्वतःचा लाल खुलतो, नवा रंग चढत नाही. हा फरक त्यांना महत्त्वाचा वाटतो आणि तो बरोबर आहे.

इथवर सगळं ओळखता येण्यासारखं आहे. पुढे गुंता सुरू होतो.

पहिला गुंता चमकणाऱ्या माशांचा. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात झियुआन गोंग यांच्या गटाने १९९९ च्या सुमारास झेब्रा माशाच्या अंड्यात जेलीफिशमधल्या हिरव्या चमकत्या प्रथिनाचं जनुक घातलं. त्या प्रथिनावरच्या कामाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. उद्देश प्रदूषण दाखवणारा मासा बनवण्याचा होता, पण २००३ च्या अखेरीस अमेरिकेत तो ‘ग्लोफिश’ नावाने पाळीव मासा म्हणून विकायला आला. पुढे विडो टेट्राही तसाच तयार झाला. म्हणजे दुकानातला गुलाबी विडो आता दोन वाटांनी आलेला असू शकतो: सुईने किंवा जनुकाने. निळ्या लाइटखाली चमकतो एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण टोचलेले रंगही चमकू शकतात. जनुकाचा रंग मांसातच असतो, दोन्ही बाजूंना सारखा, काही महिन्यांनी उतरत नाही आणि पिल्लांत येतो. रंगवलेला हळूहळू फिका पडतो. पण हे कळायला मासा महिनोन्‌महिने सांभाळावा लागतो, आणि खरेदी तर पाच मिनिटांची असते. रंग उतरल्यावर पुरावाही उतरतो. उरतो एक पांढरा मासा, जिवंत राहिला तर.

दुसरा गुंता कायद्याचा. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी, तेव्हा मासा त्यात आलाच. वाईट वागणुकीने वेदना सोसणारा प्राणी विकायला ठेवणं हाही त्यात गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला कायद्यात लिहिलेला दंड आहे १० ते ५० रुपये. शिवाय मीरा रोडच्या दुकानात मासा वेदना सोसतोय हे दाखवायचं कसं? सुई टोचली ती हजार मैलांवर, त्याचा कागद नाही, बिलावर फक्त ‘कलर फिश’ असं लिहून येतं. दुकानदार सांगतो ‘इम्पोर्टेड आहे’, आणि तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्याला घाऊकवाल्याने तेच सांगितलेलं असतं.

गिऱ्हाईकाचाही प्रश्न आहे. वडील मुलाला घेऊन येतात, मूल बोट दाखवतं ते गुलाबीकडे. कुणी दया येऊन रंगवलेले मासे सोडवायला म्हणून विकत घेतं, आणि दुकानदाराच्या वहीत ती विक्री म्हणूनच चढते. पुढच्या आठवड्यात तेवढीच मागणी कुर्ल्याला जाते. दादा विचारणाऱ्याला सरळ सांगतात, हा रंग जाईल. न विचारणाऱ्याला सांगत नाहीत. नोकरी आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तिसऱ्या गुंत्याची. सुईचे मासे कमी होऊन चमकणारे वाढले तर माशाचे हाल वाचतात, हे खरंच आहे. पण रंगवलेला मासा नदीत सुटला तर त्याचा रंग त्याच्याबरोबर संपतो. जनुकाचा रंग पुढे जातो. ब्राझीलमध्ये मत्स्यपालनाच्या तळ्यांतून निसटलेले चमकणारे झेब्रा मासे ओढ्यांत राहताना, खाताना आणि प्रजनन करताना सापडले, असा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्राझीलमध्ये झेब्रा मासा परका होता. भारतीय उपखंड तर त्याचं घर आहे. इथे सुटलेल्या माशाला रानातले नातेवाईक भेटतील. १९८९ च्या नियमांप्रमाणे जनुक बदललेला जीव आयात करायला किंवा सोडायला केंद्राच्या समितीची मंजुरी लागते. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर अशा मंजुरीचा काही शिक्का नसतो.

आणि इथल्या रानातले मासे आपल्याला पुरते माहीतही नाहीत: सह्याद्रीत अजून नव्या माशांची ओळख पटते आहे. मिस केरळ म्हणून जगभर विकला जाणारा लाल रेघेचा मासा ज्या प्रजातीत येतो, तिला ‘सह्याद्रिया’ हे नाव २०१३ मध्ये मिळालं, आणि ते देणाऱ्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. मीरा-भाईंदरच्या हद्दीत राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून उतरणारी चेण्याची नदी आहे, ती पुढे खाडीला मिळते. रविवारी तिथे गर्दी असते. कंटाळा आलेले, घर बदलताना नको झालेले मासे लोक पुण्य म्हणून कुठल्याही पाण्यात सोडतात, हे दादांनी पाहिलेलं आहे. तलावात सोडलेले सकर जातीचे टाकीतले मासे त्यांना जाळ्यात मिळाले आहेत.

त्यांनी मालकाशी बोलून दुकानाच्या मागच्या बाजूला एक जुनी चार फुटी टाकी रिकामी करून घेतली आहे. त्यात लोकांनी परत आणलेले मासे असतात: रंग उतरलेले विडो, मोठा झालेला ऑस्कर, एक आंधळा गोल्डफिश. काचेवर मार्करने लिहिलेला कागद चिकटवला आहे: मासा नको असेल तर इथे आणून द्या, नदीत किंवा तलावात सोडू नका, पैसे लागत नाहीत. खाली मालकाने स्वतःच्या अक्षरात दुकानाची वेळ लिहिली आहे, सकाळी ११ ते रात्री ९, गुरुवार बंद.