पावसाच्या 'घटना' मोजायच्या, पण घटना म्हणजे काय?

समजा, तुम्हाला भारतात मुसळधार पाऊस कुठे किती वेळा होतो याचा नकाशा काढायचाय. हवामान विभागाचा रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा घ्यायचा, पायथनमध्ये चार ओळी लिहायच्या, 100 मिमीच्या वरचे दिवस मोजायचे, रंग भरायचे. झाला नकाशा! फक्त 'घटना' कशाला म्हणायचं हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंत, आणि नकाशा बराचसा तिथेच ठरला.

100 मिमीची रेघ कोकणात एका पावसाळ्यात अनेकदा ओलांडली जाते. सोलापूरकडे वर्षंच्या वर्षं जातात. म्हणजे नकाशात दिसतो तो सह्याद्री, आणि तो कुठे आहे हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

मग प्रत्येक ठिकाणाचा स्वतःचा 99वा पर्सेंटाइल घ्यावा? घेऊन बघा. सगळा देश एकाच रंगाचा! साहजिकच आहे, व्याख्येनुसारच प्रत्येक ठिकाणचे एक टक्का दिवस त्या रेघेच्या वर असतात. इथे प्रश्न बदलावा लागतो: पहिल्या तीस वर्षांवरून रेघ ठरवा आणि पुढच्या तीस वर्षांत ती किती वेळा ओलांडली ते मोजा.

हा फरक नुसता तांत्रिक नाही. 2006 साली गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण मध्य भारत एकत्र धरून, ठरावीक मिलिमीटरची रेघ लावली. 1951 ते 2000 मध्ये जोरदार पावसाच्या घटना वाढलेल्या दिसल्या. 2012 मध्ये सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी देशभर जागोजागी वेगळं विश्लेषण केलं, तर सगळीकडे सारखा कल सापडलाच नाही. वाढली होती ती ठिकाणाठिकाणांतली तफावत. माझ्या मते दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

'दिवस'ही नीट बघा. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. त्याआधी 80 मिमी आणि नंतर 60 मिमी पडला, तर 140 मिमीचा पाऊस तुमच्या मोजणीतून गायब.

सगळ्यात फसवा प्रकार पर्जन्यमापकांचा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला 75 मिमीसुद्धा नाही. जिथे मापक नाही, तिथला चौकोन शेजारच्या मापकांवरून भरला जातो आणि असे सुळके बोथट होतात. मधल्या काळात एखादा मापक बंद पडला, तर तिथल्या घटना 'कमी झाल्या' असं दिसू शकतं. म्हणून घटनांच्या नकाशाशेजारी दर दशकात कुठे किती मापक होते, तोही नकाशा काढून ठेवा. गाईडने मागायच्या आधी.