बिनसुईचे इंजेक्शन: पडद्यावरचे आणि दवाखान्यातले

बिनसुईच्या इंजेक्शनात सुईचे काम औषधाचीच धार करते. उपकरणात दाबून ठेवलेली स्प्रिंग किंवा वायू एका क्षणात सुटतो, दट्ट्या पुढे सरकतो आणि औषध केसाइतक्या बारीक छिद्रातून ताशी कित्येकशे किलोमीटर वेगाने बाहेर पडते. ती धार त्वचा भेदून ठरलेल्या खोलीवर पसरते. हे सारे सेकंदाच्या एक-दशांश भागाच्या आसपास उरकते. लेसर, किरण किंवा विजेचा यात काही संबंध नसतो. स्प्रिंगवर चालणाऱ्या उपकरणांना तर बॅटरीही लागत नाही. सुई नाही म्हणजे त्वचेला भोकही पडत नाही, हा समज मात्र खरा नाही. भोक पडतेच, फक्त ते धातूऐवजी द्रवाने पडलेले असते.

हे तंत्र विज्ञानकथेतून प्रयोगशाळेत आले, असे अनेकांना वाटते. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेतील डॉक्टर रुग्णाच्या मानेला नळी टेकवून औषध देतो. त्या साधनाचे नाव ‘हायपोस्प्रे’. मालिका सुरू झाली १९६६ साली. प्रत्यक्षात ‘हायपोस्प्रे’ याच नावाच्या यंत्राचा माणसांवरील वापर १९४७ साली अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदला गेला होता आणि त्यामागच्या कल्पनेचे पेटंट अभियंता मार्शल लॉकहार्ट यांना १९४३ मध्ये मिळाले होते. पॅरिसमध्ये तर १८६६ सालीच पाण्याची बारीक धार त्वचेखाली सोडणारे उपकरण वैद्यांपुढे मांडले गेले होते. पडद्यावरची वस्तू दवाखान्यातल्या वस्तूची नक्कल होती, उलट नव्हे.

सुई नाही म्हणजे एकाचा संसर्ग दुसऱ्याला होणार नाही, हा समज अधिक धोकादायक आहे, कारण एके काळी खुद्द डॉक्टरांचाही तोच होता. १९६० च्या दशकात पायाने दाबून चालणारे ‘पेड-ओ-जेट’ हे यंत्र पश्चिम आफ्रिकेत देवीच्या लसीसाठी वापरले गेले. विजेवाचून ते तासाला शेकडो माणसांना लस देऊ शकत असे. पण रांगेतल्या प्रत्येकाच्या दंडाला तेच तोंड टेकवले जाई. धार आत शिरताना रक्ताचा किंवा ऊतीतील द्रवाचा सूक्ष्म थेंब उलट उडून त्या तोंडाला लागू शकतो आणि पुढच्या माणसाच्या शरीरात जाऊ शकतो. १९८४-८५ मध्ये कॅलिफोर्नियातील वजन कमी करण्याच्या एका क्लिनिकमध्ये अशाच यंत्रामुळे हिपॅटायटिस ‘बी’ची साथ पसरली. अमेरिकी सैन्याने १९९७ मध्ये अशा सामाईक तोंडाच्या यंत्रांचा वापर थांबवला. भारतातल्या देवी निर्मूलनाचा मुख्य भार मात्र या यंत्रावर नव्हता. गावोगाव, वस्तीवस्तीवर फिरणाऱ्या लसटोचकांच्या हाती दोन टोकांची साधी, स्वस्त सुई होती, आणि विखुरलेल्या खेड्यांत तीच सोयीची होती.

आजच्या उपकरणांत औषध भरायचा भाग दर माणसाला नवा असतो आणि एकदा वापरला की निकामी होतो. सुरक्षितता या टाकून द्यायच्या भागामुळे येते. सुईच्या नसण्याशी तिचा थेट संबंध नाही. सुई नसल्याचा खरा फायदा देणाऱ्याला होतो: वापरलेली सुई बोटाला टोचण्याची परिचारिकेला असणारी भीती संपते आणि कचऱ्यात टोकदार वस्तू जात नाही.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोहोचला तो कोविडच्या काळात. अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या ‘झायकोव्ह-डी’ लसीला २० ऑगस्ट २०२१ रोजी आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती ‘ट्रॉपिस’ या बिनसुईच्या उपकरणानेच द्यायची होती. सुरुवातीला निवडलेल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता, आणि राज्यात नाशिक व जळगाव हे जिल्हे ठरवले गेले. शेजारचा, तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा त्यात नसल्याने खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावी या लसीच्या बातम्या आल्या, लस नव्हे. बातम्यांच्या मागोमाग गैरसमजही आले.

सुईची भीती असणाऱ्यांसाठी हे उपकरण निवडले गेले, असे सर्रास सांगितले जाई. कारण वेगळे होते. ‘झायकोव्ह-डी’ ही डीएनए लस होती. अशी लस साध्या सुईने दिली तर तिचा प्रतिसाद अनेकदा कमी पडतो, कारण डीएनए पेशीच्या आत पोहोचावे लागते. धारेच्या जोराने ते त्वचेच्या थरात पसरते, आणि त्या थरात रोगप्रतिकारक पेशींची दाटी असते. उपकरण म्हणजे लसीचाच एक भाग होता. डीएनए लस माणसाची जनुके बदलते, ही भीतीही निराधार होती. लसीतील डीएनएचा तुकडा रंगसूत्रांत जाऊन बसण्यासाठी बनवलेला नसतो आणि काही काळाने नाहीसा होतो. सुईची भीती घालवण्याच्या दाव्याचे म्हणाल, तर दर खेपेला दोन्ही दंडांवर एकेक आणि एकूण तीन खेपा, म्हणजे सहा वेळा उपकरण टेकवावे लागे. केंद्र सरकारने ठरवलेल्या ३५८ रुपयांच्या किमतीत लसीचे २६५ आणि उपकरणाच्या वापराचे ९३ रुपये होते.

वेदना मुळीच होत नाही, हे खरे नाही. रबरबँडचा फटका बसावा तसा चटका लागतो. काहींना तो सुईपेक्षा सौम्य वाटतो, काहींना नाही. थोडे रक्त किंवा काळानिळा डाग दिसू शकतो. उपकरण तिरपे धरले तर औषध त्वचेवरच सांडते, आणि मूल ऐन वेळी हलले तर त्वचा चिरू शकते. तेव्हा ते वापरायला प्रशिक्षण लागत नाही, हेही चूक.

पवईच्या आयआयटी मुंबईत हवाई अभियांत्रिकी विभागाचे प्राध्यापक विरेन मेनेझिस यांच्या गटाने बनवलेल्या ‘शॉक सिरिंज’च्या बातम्या आल्या तेव्हा सुईचा काळ संपल्याचे मथळे झळकले. नायट्रोजन वायूच्या दाबातून निर्माण होणाऱ्या आघात तरंगाने औषध ढकलणारे, बॉलपेनपेक्षा किंचित लांब असे ते साधन आहे. औषधाचा वेग विमान धावपट्टी सोडतानाच्या वेगाच्या सुमारे दुप्पट असतो. पण जाहीर झालेल्या त्या चाचण्या उंदरांवरच्या होत्या. उंदरापासून माणसापर्यंतचा टप्पा मथळ्यात मावत नाही. बाजाराच्या अधिक जवळ आहे ते ‘इंटेग्रीमेडिकल’ कंपनीचे उपकरण. या कंपनीत सिरम इन्स्टिट्यूटने २०२४ मध्ये २० टक्के हिस्सा घेतला.

सरकारी लसीकरण सत्रात बाळाला आजही एकदाच वापरता येणारी एडी सिरिंज टोचली जाते. काही रुपयांत मिळणारी ती सिरिंज किमतीत हरवणे अवघड आहे. बिनसुईच्या उपकरणाला जागा आहे ती त्वचेच्या आतल्या थरात द्यायच्या लसींसाठी. पोलिओची टोचून द्यायची लस भारतात २०१६ पासून ०.१ मिलिलिटर इतक्या कमी मात्रेत, त्वचेतच दिली जाते. सुई जवळजवळ आडवी धरून बारीक फुगवटा उठवणे हे हाताचे कसब आहे, आणि पाकिस्तानातील कराचीत याच लसीसाठी २०१९ मध्ये ‘ट्रॉपिस’ मोहिमेत वापरले गेले. शिरेतून द्यायची औषधे, सलाइन आणि तपासणीसाठी रक्त काढणे यांत मात्र हे तंत्र उपयोगाचे नाही. धार औषध ऊतीत पसरवते. ती शीर शोधू शकत नाही, आणि एका वेळी साधारण एका मिलिलिटरपेक्षा जास्त औषध तिला पेलत नाही.