शाळेचा बँड आणि बँडचा मास्तर

जबलपूर हे छावणीचे शहर आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटांची केंद्रे येथे आहेत. संदेशवहन दलाच्या जवानांचे शिक्षणही येथेच होते. पहाटेच्या वाऱ्यावर बिगुलाचा स्वर आणि ड्रमचा ठेका दुरून ऐकू यावा, याचे या शहरातील माणसाला नवल वाटत नाही. अशा गावातील शाळेला आपलाही एक बँड असावा असे वाटले, तर ते साहजिकच होय. प्रजासत्ताकदिनाच्या सकाळी मुले पांढरा पोशाख चढवून, छातीवर ड्रम बांधून, पावलाशी पाऊल जुळवीत मैदानात उतरतात, तेव्हा आईबापांच्या नजरा आपापल्या मुलावर खिळलेल्या असतात. पथकाच्या कडेला, ओठांतल्या ओठांत मात्रा मोजीत उभ्या असलेल्या मास्तरांकडे सहसा कोणी पाहत नाही.

हे मास्तर बहुधा बँडसाठी नेमलेले नसतातच. ते गणित शिकवितात, किंवा कवायत घेतात. तरुणपणी थोडे क्लॅरिनेट वाजविले होते, एवढ्या भांडवलावर मुख्याध्यापकांनी हे काम त्यांच्या गळ्यात घातलेले असते. शाळा भरण्यापूर्वी तासभर, सुटल्यावर तासभर, रविवारी वाद्यांची दुरुस्ती आणि सणावारी मिरवणुकीचे आमंत्रण, असे वर्ष जाते. पहिल्या वर्षी उत्साह असतो, दुसऱ्या वर्षी अभिमान असतो. तिसऱ्या वर्षी मास्तर बदली मागून घेतात, किंवा प्रकृतीचे कारण सांगून बाजूला होतात. मग वाद्यांच्या कपाटाला कुलूप लागते. मास्तर गेले आणि बँड गेला, असे लोक हळहळून म्हणतात. परंतु जी गोष्ट एका माणसाच्या जाण्याने नाहीशी होते, ती शाळेची कधी झालेलीच नव्हती, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

या थकव्याला शास्त्राने आता नाव दिले आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली ‘बर्नआउट’ या शब्दाने त्याचे वर्णन केले. त्याने पाहिलेली माणसे आळशी नव्हती. सेवाभावाने चालविलेल्या दवाखान्यांतून रात्री उशिरापर्यंत राबणारी ती माणसे होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची तीन लक्षणे ग्राह्य धरली: शक्ती आटणे, कामाविषयी मनात तुटकपणा किंवा कडवटपणा येणे आणि हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. संघटनेने तिला रोग म्हटले नाही, कामाच्या स्थितीतून उद्भवणारी गोष्ट म्हटले. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण रोग असेल तर औषध मास्तरांना द्यावयाचे. कामाची मांडणीच चुकली असेल तर ती शाळेने सुधारावयाची.

मुलांचा बँड उभा करण्याची एक मोठी कथा जबलपूरपासून फार दूर घडलेली नाही. इलाहाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कटनी मागे पडले की पुढे मैहर लागते. शारदादेवीच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या या लहानशा संस्थानात, १९१८ च्या सुमारास, साथीच्या रोगाने अनेक मुले पोरकी झाली. दरबारचे वादक उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी ही मुले गोळा केली. महाराज ब्रिजनाथसिंह यांनी आश्रय दिला. ज्यांना घर नव्हते, अक्षरओळख नव्हती, अशा मुलांच्या हाती वाद्ये देऊन खाँसाहेबांनी त्यांचा वाद्यवृंद तयार केला. सतार, सरोद, व्हायोलिन, हार्मोनियम, तबला अशी देशी-विदेशी वाद्ये त्यात एकत्र नांदली. बंदुकीच्या नळ्या कापून, त्यांचे स्वर जुळवून केलेले ‘नलतरंग’ हे वाद्यही त्यांनी त्यात बसविले. ज्या लोखंडातून गोळी सुटावयाची, त्यातून अनाथ मुलांनी षड्ज काढला!

खाँसाहेबांची स्वतःची तयारीही पाहण्याजोगी आहे. कलकत्त्यात असताना लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तराकडून ते पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकले होते. शहनाई आणि तालवाद्येही त्यांनी हाताळली होती. त्यामुळे कोणत्या मुलाच्या हाती काय द्यावे हे त्यांना कळे, आणि बिघडले तर स्वतः वाजवून दाखविता येई. १९७२ साली खाँसाहेब गेले. संस्थान तर त्याच्या पुष्कळ आधी विलीन झाले होते. तरीही मैहरचा बँड राहिला. पुढे शासनाने त्याचा भार उचलला, म्हणून तो राहिला.

ही कथा सांगून शाळांना उपदेश करणे सोपे आहे. ते योग्य मात्र होणार नाही. खाँसाहेबांना महाराजांचा आश्रय होता. त्यांना सातवीच्या वह्या तपासावयाच्या नव्हत्या. शिवाय त्यांच्यासारखा माणूस शतकात एखादा जन्मतो, आणि शाळांची संख्या तर लाखांनी मोजावी लागते. अलौकिक माणूस सापडेल या भरवशावर कोणतीही शाळा चालत नाही; मग तिचा बँड तरी का चालावा? मैहरकडून घ्यावयाचे ते एवढेच, की बँडला कोणीतरी आपला म्हणावे लागते. तेथे आधी संस्थानाने म्हटले, पुढे शासनाने. शाळेत ते शाळेनेच म्हणावयास हवे.

म्हणजे काय करावयाचे? पहिली गोष्ट, बँडचे तास मोजावयाचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे काम तयारीच्या वेळेसह पंचेचाळीस तासांचे सांगितले आहे. आता आठवड्यातून तीन सराव, प्रत्येकी एक तास. धून बसविण्याची तयारी दोन तास. वाद्यांची देखभाल एक तास. एवढे धरले तरी सहा तास होतात. हे सहा तास पंचेचाळीसांच्या आत बसवावयाचे असतील, तर मास्तरांचे तेवढे दुसरे काम काढून घेतले पाहिजे. ‘आवडीने करतात, त्यांना काय त्रास?’ हा युक्तिवाद शाळांतून फार ऐकू येतो. आवडीचे काम फुकट असते, ही समजूत शिक्षकाला जितक्या लवकर थकविते, तितके नावडते कामही थकवीत नाही.

याच कायद्याने आणखी एक सोय करून ठेवली आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील, तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक असावा, असे तो सांगतो. जबलपूरसारख्या गावात असा माणूस शोधणे अशक्य नाही. सातपुड्यात पचमढी येथे १९५० पासून सैन्याचे संगीत-विद्यालय आहे. जनरल करिअप्पांच्या प्रोत्साहनाने ते सुरू झाले. तेथे शिकून, पलटणीच्या बँडमध्ये वाजवून निवृत्त झालेला वादक आठवड्यातून दोन दिवस शाळेत आला, तर वाजविण्याचे तंत्र तो शिकवील आणि मास्तरांच्या शिरावरचे अर्धे ओझे उतरेल. मात्र सारे काम त्याच्यावर सोपवू नये. जवानांना हुकूम देण्याची सवय झालेल्या माणसाला अकरा वर्षांच्या मुलाचे डोळे का भरून आले हे कळावयास थोडा वेळ लागतो. त्याच्यापाशी वाद्य आहे, मास्तरांपाशी मूल आहे. दोघांनी मिळून काम करावे.

खरा आधार मात्र मुलांतूनच मिळतो. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांकडून धुळाक्षरे गिरवून घेत. मद्रासमध्ये लष्करी अनाथ मुलांची शाळा चालविणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस अशीच एक देशी शाळा पाहिली, मुलांनीच मुलांना शिकविण्याची रीत उचलली आणि ती इंग्लंडात ‘मद्रास पद्धती’ म्हणून गाजली. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा त्यांच्या उपदेशक-वर्गाचे शिष्य संस्थेत राहून शिकत आणि शिकवीतही. शिक्षकांची पुढची पिढी चालू पिढीच्या हाताखालीच तयार व्हावी, असा तो विचार होता. शाळेच्या बँडमध्ये नववीच्या मुलाने सहावीच्या दोघांना साइड ड्रमची काठी धरावयास शिकविली, तर मास्तरांची तीस मुलांमागची धावपळ पाच-सहा नायकांपुरती उरते. शिवाय शिकविता शिकविता त्या नववीच्या मुलाचा स्वतःचा ठेका सुधारतो, हा लाभ वेगळाच.

यासाठी वर्षाची आखणी बदलावी लागेल. बहुतेक शाळांची अडचण येथेच आहे. उन्हाळ्याची सुटी संपवून जूनच्या मध्यास मुले परततात. दहावीची जुनी मुले निघून गेलेली असतात, नवी मुले भरती होतात, आणि पंधरा ऑगस्टला बँड वाजलाच पाहिजे असा हुकूम निघतो. हाती उरतात जेमतेम आठ आठवडे, तेही पावसाचे. ज्या मुलाने कॉर्नेट कधी हाती धरला नाही, त्याच्या ओठांचे स्नायू दहा-पंधरा मिनिटांत थकतात. स्वर स्थिर व्हावयास महिने लागतात. आठ आठवड्यांत त्याच्याकडून राष्ट्रगीत वाजवून घ्यावयाचे, म्हणजे मास्तरांनी ओरडावयाचे आणि मुलाने रडावयाचे.

भरती जूनमध्ये न करता सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी केली, तर हे सारे टळते. संचलन आटोपलेले असते, हवा थंड असते, वर्षातील मोठा कार्यक्रम जवळपास नसतो. दहावीची मुले परीक्षेकडे वळतात. त्यांच्या वाद्यांवर सहावी-सातवीची मुले बसतात. आठवी-नववीची मुले त्यांना शिकवितात. एप्रिल अखेरपर्यंत हात बसतो आणि पंधरा ऑगस्टला पहिल्या रांगेत जुनी, मागच्या रांगेत नवी अशी मुले उभी राहतात. मागच्या रांगेने त्या दिवशी केवळ ठेका धरला तरी पुरे. एवढ्या साध्या फेरबदलाने जेवढी शक्ती वाचते, तेवढी नवी वाद्ये विकत घेऊनही वाचत नाही.

धुनींच्या बाबतीत आवर घालणे कठीण जाते. वर्षाला चार नव्या धुनी पुष्कळ झाल्या. प्रत्येक धून कागदावर उतरवून, प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून, त्याची एक प्रत कार्यालयात ठेवावी. मग नवा मास्तर आला तरी त्याला शून्यापासून आरंभ करावा लागत नाही. स्वरलिपीचा हा उपयोग भातखंडे-पलुस्करांच्या देशात तरी समजावून सांगण्याची गरज पडू नये. परंतु शाळांच्या कपाटांतून तुतारीचे तोंड सापडते, कागद सापडत नाही.

मग आमंत्रणे. जबलपूरचा दसरा थाटाचा असतो, मिरवणुका मोठ्या निघतात, आणि शाळेचा बँड फुकट मिळतो अशी गावाची समजूत असते. नकार देण्याचे काम मास्तरांवर टाकू नये. ते भिडस्त असतात. वर्षातील कार्यक्रम किती, हे जूनमध्येच ठरवून शाळेच्या फलकावर लावावे आणि त्याबाहेरच्या आमंत्रणाला मुख्याध्यापकांनी स्वतःच्या सहीने नाही म्हणावे. स्पर्धेलाही हाच नियम लावावा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला शालेय बँडची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा झाली. ब्रास आणि पाइप, मुलांचे आणि मुलींचे, असे तिचे चार विभाग होते. अशा स्पर्धेत जाणे ही गौरवाची गोष्ट आहे; परंतु दरवर्षी जावयाचे ठरले, तर वर्षभर एकच धून घोटली जाते आणि मागच्या रांगेतील मुलांना कोणी विचारीत नाही.

एक धोका असा आहे की तो दिसत नाही. बंद खोलीत दहा ड्रम वाजले की आवाजाची पातळी शंभर डेसिबलपर्यंत सहज जाते. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज आठ तास कानाला सोसवतो असे मानले, तर दर तीन डेसिबलांमागे तो अवधी निम्मा होतो. या हिशेबाने शंभराला सुमारे पंधरा मिनिटेच उरतात. मुले येतात-जातात, मास्तर मात्र वर्षानुवर्षे त्या खोलीत उभे असतात. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांना कोणाचे बोलणे नको वाटते, त्याचे कारण नेहमी स्वभावातच असते असे नाही. सराव झाडाखाली घ्यावा, ड्रमचा सराव रबराच्या पट्टीवर घ्यावा. पावसाळ्यात कातड्याचे ड्रम ढिले पडतात, तेव्हा तर पट्टीच बरी.

वाद्यांची देखभालही मुलांच्या हाती देता येते. प्रत्येक वाद्याला एक वही. कोणी घेतले, कधी परत केले, कोणता पडदा अडकतो, याची नोंद त्या मुलाने स्वतः करावी. वाजवून झाल्यावर नळीतील पाणी काढून, पुसून ठेवावे. शनिवारी अर्धा तास याला पुरतो, आणि रविवार मास्तरांचा त्यांना परत मिळतो.

सत्तावीस जानेवारीच्या सकाळी अशा एखाद्या शाळेत गेले, तर बँड ऐकू येणार नाही. झाडाखाली सहावीची मुले नुसती मुखनळी ओठांना लावून फुंकताना दिसतील. कोणाच्या तोंडून हवा निघेल, कोणाच्या तोंडून म्हशीच्या हंबरण्यासारखा आवाज. समोर नववीची एक मुलगी गंभीर चेहऱ्याने चार मात्रा मोजीत असेल. आणि मास्तर दूर वऱ्हांड्यात खुर्चीवर बसून, चहा निवत ठेवून, ऐकत असतील.